नागपूरची लस

अख्ख्या भिलाईत जंतूंना कुणाची दहशत असेल, तर ती आमच्या भाऊजींची. इस्पितळातल्या डॉक्टरांना जंतू भीत नसत, नाल्यांवर पावडर मारणाऱ्यांना भीत नसत. पण भाऊजी सायकलवरून येताना दिसले की बिचारे आपली पोरंबाळं काखेत मारून सेक्टर सोडत असतील, असं माझं अजूनही मत आहे. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होते. नट, बोल्ट, दोर, हातमोजे द्यायचे आणि सही घ्यायची, हे त्यांचं काम. पण त्याआधी, लग्नाच्याही आधी, नागपूरला दोन वर्षं ते डॉक्टरकी शिकले होते. मग वडील वारले, मागं आई आणि भावंडं, शिष्यवृत्तीत घर चालेना, म्हणून कॉलेज सुटलं. सुटलं हे आम्ही म्हणतो. भाऊजींनी हा शब्द तोंडातून कधी काढला नाही. कुणी विचारलं, "तुमचं डॉक्टरकीचं शिक्षण झालं का हो?" तर चष्मा वर सरकवून म्हणायचे, "चालू आहे." पोरगी झाली, केस पिकायला लागले, भिलाईची पहिली भट्टी पेटली, तरी यांचं चालूच होतं. गल्लीतले लोक सरळ मनाचे, ते डॉक्टरसाहेबच म्हणायचे, आणि भाऊजींनी कुणाला दुरुस्त केल्याचं मला आठवत नाही.

मी काही शिकलेली बाई नाही. चौथीपर्यंत शाळा, पुढं जे वाचलं ते पुड्यांच्या कागदांवर आणि नवऱ्याच्या जुन्या पेपरांवर. तरी एक गोष्ट मला भाऊजींकडं पाहून पाहून कळली. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षांत म्हणे माणूस कसा बिघडतो ते शिकवतात, आणि तो दुरुस्त कसा होतो ते पुढच्या वर्षांत. आमचे भाऊजी बिघडण्याच्या धड्यावर उठून आले होते. त्यामुळं त्यांना जगातले सगळे रोग येत आणि एकाचंही औषध येत नसे. औषधाच्या जागी ते उकळायचे. दूध उकळायचं, ते थंड झालं की पुन्हा, आणि ताईनं साय धरायचं स्वप्न पाहिलं की तिसऱ्यांदा. चमचे उकळायचे, पोरीची बाहुली उकळायची. ती लाकडाची बाहुली एकदा उकळून तिचे डोळेच पुसले गेले, तर पोरगी रडली, आणि भाऊजी म्हणाले, "आंधळी झाली, पण निर्जंतुक आहे." जे उकळता येत नाही ते विहिरीत टाकतात त्या लाल दवाईच्या पाण्यात बुडवायचं. त्यांच्याकडं पेरू जांभळा असायचा, काकडी जांभळी असायची, आणि ताईचे हात तर वांगी तोडून आल्यासारखे बारा महिने रंगलेले. नवीन माणूस हळूच विचारायचा, "बाईंना काही त्वचेचा रोग आहे का?"

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर आमच्या सगळ्यांच्याच घरातले देव निघाले होते. भाऊजींनी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली आणि देवांच्या रिकाम्या कोनाड्यात स्पिरिट, आयोडीन, कापूस आणि दोन वर्षांच्या शिक्षणातली दोन जाडजूड पुस्तकं मांडली. तिथं हात धुतल्याशिवाय जायचं नाही. बाहेरून आलं की मागच्या अंगणात पाय धुवायचे, लुगडं बदलायचं, मग पोरीला घ्यायचं. पाहुणा आला तर पोरीला आधी आत न्यायचं. ज्या सोवळ्यानं आमच्या सात पिढ्यांना विहिरीपासून लांब ठेवलं, ते सोवळं शेवटी आमच्याच घरात स्पिरिटचा वास लावून आलं. ताई तोंडाची फटकळ. एकदा ती बाजारातून आली, पोरगी धावत आली, आणि भाऊजी ओरडले, "शिवू नको तिला! हात!" ताई तिथंच उभी राहिली, थैली खाली ठेवली आणि म्हणाली, "आमच्या आयबापाले गावानं शिवू नको म्हटलं. आता घरचा माणूस म्हणून राहिला. लई पुढं गेलो म्हणा आपण." भाऊजींनी ऐकून घेतलं. पण हात धुवायला लावले ते लावलेच.

त्या दिवसांत रशियन लोक पुष्कळ होते आमच्याकडं, कारखाना उभा करायला आलेले. त्यांच्या बायका बाजारात दिसायच्या, उन्हानं टोमॅटोसारख्या लाल झालेल्या. एकीला आमची सुजाता फार आवडली. सुजाता म्हणजे ताईची ही एकुलती पोरगी, लग्नाच्या कितीतरी वर्षांनी झालेली, तेव्हा दोनेक वर्षांची, गुबगुबीत. त्या बाईनं तिला उचललं आणि दोन्ही गालांवर आवाज येईल असे मुके घेतले. भाऊजी पांढरे पडले. समोर परदेशी पाहुणी, बोलता येईना. हसू तोंडावर धरून त्यांनी पोरगी परत घेतली आणि भाजीबाजाराच्या मधोमध खिशातून स्पिरिटचा कापूस काढून तिचे गाल पुसले. रशियन बाईला वाटलं हा इथला काही रिवाज आहे. तिनं हसून आपलाही गाल पुढं केला. भाऊजींनी तो पण पुसला. सायन्स भेदभाव करत नाही म्हणाले.

आता देवीच्या लशीचं सांगते. आजच्या लोकांना देवी म्हणजे काय ते ठाऊक नाही, बरंच आहे. अंगभर फोड, ताप, घरात एकाला आली की गल्लीला यायची. वाचला तर तोंडाची चाळण, नाहीतर डोळे तरी जायचे. लहान पोरांना दंडावर लस टोचून घेतली की ती येत नाही, हे सरकार सांगायचं, आणि सरकारपेक्षा जोरात आमचे भाऊजी सांगायचे. लग्नाला गेले की नवरदेवाची बाही वर करून टोचल्याचे वण पाहायचे. एका लग्नात मुलीकडच्यांना वाटलं हुंड्याच्या घड्याळाची चौकशी चालली आहे, आणि भांडण जुंपता जुंपता राहिलं. स्टोअरमध्ये खिळे मागायला आलेल्या मजुराला ते आधी विचारायचे, "पोरांना टोचलं का? नाही? मग खिळे उद्या." लोक वैतागायचे, पण टोचून यायचे. आमच्या गल्लीतलं एक पोर टोचल्यावाचून राहिलं नव्हतं ते भाऊजींमुळं. माझ्या पोरांना त्यांनी स्वतः सायकलवर बसवून नेलं. नाही म्हणायला अख्ख्या गल्लीत फक्त दोन दंड कोरे होते. एक आमच्या सुजाताचा, आणि दुसरा बाजूच्या क्वार्टरमधल्या फिटरच्या पोराचा, मनोहरचा.

हसू नका, खरं सांगते. जगाला टोचायला लावणाऱ्याची पोरगी कोरी. कारण जगासाठी लस चांगलीच होती, पण सुजातासाठी ती पुरेशी चांगली असलेली भाऊजींना कधी सापडलीच नाही. तो लग्नातला वाढणारा असतो ना, पंगतीला आग्रह करत फिरतो आणि स्वतःच्या पानावर मात्र बोट लावून पाहतो, तसं. एका वर्षी टोचणाऱ्याची नखं वाढलेली होती. एकदा लस उन्हात आली होती. एकदा टोचणाराच शिंकला. भाऊजी दर वेळी पोरगी उचलून परत आणायचे आणि म्हणायचे, "लसीवर माझा शंभर टक्के विश्वास आहे. माणसावर नाही." आणि फिटरचं पोर कोरं होतं ते त्याच्या आईमुळं. ती गोंदियाकडची, तरुण, भोळी, भाऊजींना देव मानणारी. तिचं सरळ म्हणणं होतं, "डॉक्टरसाहेब आपल्या पोरीले टोचतील तवाच मी माह्या पोट्ट्याले टोचीन. ते शिकलेले हायत, त्याइले ठाव हाय."

मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला बांधकामाच्या मजुरांच्या झोपड्यांत देवी आली. आमच्या क्वार्टरपासून त्या झोपड्या हाकेच्या अंतरावर. तिथली पोरं जायला लागली. भाजीवाल्या, दूधवाले, सगळे तिकडूनच यायचे. टीकावाला, म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, घरोघरी फिरायला लागला. म्हातारासा, रायपूरकडचा, खांद्याला झोळा, हातात छोटी पेटी. आमच्या गल्लीत आला तेव्हा भाऊजी सुट्टीवर होते, हे त्याचं नशीब.

भाऊजींनी त्याला ओट्यावर बसवलं आणि विचारलं, "सुई साफ है?"

"साफ है साहब."

"साफ किसको बोलते? दिखने में साफ और सायन्स में साफ, दो अलग चीज है."

"स्पिरिट में डुबाई है साहब."

"कितना टाइम डुबाई?"

म्हातारा दिवसभर रडकी पोरं धरून दमलेला. म्हणाला, "जितना टाइम बच्चा चुप बैठे."

आम्ही बाया तोंडाला पदर लावून हसलो. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी लशीची बारीक काचेची नळी मागितली, उजेडाकडं धरली, हाताला लावली आणि म्हणाले, "ये गरम है. ये मर गई." म्हातारा म्हणाला, "साहब, सुबह ही बरफ से निकाली है. आप डॉक्टर हैं?"

"शिक्षण चालू है," भाऊजी म्हणाले.

म्हाताऱ्यानं त्यांच्या पिकल्या कानशिलांकडं एकदा पाहिलं, पेटी उचलली आणि पुढच्या घरी गेला. ताई आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली. "अवो, झोपड्यांमधून रोज लेकरं उचलून नेऊन राहिले लोक. आज टोचू द्या न त्याले."

"मेलेली लस टोचून काय फायदा? उलट आपण समजू की झालं, आणि पोरगी उघडी. मी नागपूरला जातो. माझा वर्गमित्र तिथं मोठ्या दवाखान्यात आहे. त्याच्याकडून ताजी लस आणतो, बर्फात घालून. मीच टोचीन."

"तुमी?" ताई म्हणाली. "तुमी कधी कोणाले टोचलं?"

"थिअरी मला माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी भाऊजी थर्मास गळ्यात अडकवून निघाले, लढाईला निघाल्यासारखे. फिटरची बायको पोराला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आली. "डॉक्टरसाहेब, माह्या मनोहरसाठी बी आणा थोडीशी." भाऊजींनी पोराच्या गालाला, बघा, हात न लावता, हवेतच आशीर्वाद दिल्यासारखं केलं आणि म्हणाले, "दोघांना पुरेल एवढी आणतो. तोवर कुणाकडून टोचून घेऊ नका." हे वाक्य मी ऐकलं, ताईनं ऐकलं, अर्ध्या गल्लीनं ऐकलं.

नागपूरचं नंतर त्यांनीच सांगितलं, बरंचसं गाळून. गाळलेलं ताईनं काढून घेतलं. वर्गमित्र आता मोठा साहेब झालेला. भाऊजींनी नाव सांगून पाठवलं, तर शिपायानं त्यांना रोग्यांच्या बाकावर बसवलं. दिवसभर बसवलं. दुसऱ्या दिवशीही बसवलं. तिसऱ्या वेळी साहेब बाहेर आला, चेहरा पाहिला आणि म्हणाला, "तक्रार काय आहे तुमची?" ओळखलंच नाही. भाऊजींनी एकाच टेबलावर बसून चिरलेल्या बेडकाची आठवण दिली तेव्हा कुठं ओळख लागली. मग हा कागद, तो कागद, आज साहेब दौऱ्यावर, उद्या स्टोअर बंद. स्टोअरच्या कारकुनाला स्टोअर बंद असल्याचं सांगणं म्हणजे काय ते आमच्या भाऊजींना त्या वेळी कळलं असेल. एकदाचं काम झालं. येताना गाडीत गोंदियाला बर्फ बदलला, डोंगरगडला बदलला, राजनांदगावला बर्फ मिळेना तर सरबतवाल्याशी भांडून त्याच्या पाटीतला घेतला. स्टेशनचं पाणी जन्मात न पिणारा माणूस स्टेशनच्या बर्फासाठी फलाटावर धावत होता.

इकडं भाऊजींना जाऊन तिसरा दिवस असेल. माझ्याकडं ताई आली, सुजाताला घेऊन, पोरीला स्वच्छ फ्रॉक घातलेला. म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"शाळेच्या आवारात बसून हाय तो टीकावाला. आज शेवटचा दिवस म्हणते."

"ताई, भाऊजी काय म्हणतील?"

"जे म्हणतील ते पोरगी जिती असताना म्हणतील," ताई म्हणाली. "त्याइची लस येईल तवा येईल. देवी का त्याइची वाट पाहून राहिली फाटकात?"

वाटेत आम्ही फिटरच्या बायकोला हाक मारली. ती दारातूनच म्हणाली, "नाई जी काकू. डॉक्टरसाहेब सांगून गेले." ताई तिला बरंच बोलली, अगदी "माही पोरगी घेऊन चालली नं मी, डॉक्टरसाहेबाची बायको!" असंही बोलली. ती हसली. "तुमी काकू हाय. ते डॉक्टर हायत." आम्ही दोघीच पुढं गेलो. शाळेत म्हाताऱ्यानं टोचणी स्पिरिटमधून काढली, काडी पेटवून जाळावर धरली, नळीतला थेंब पोरीच्या दंडावर सोडला आणि चक्री फिरवावी तशी टोचणी फिरवली. सुजाता रडली, म्हाताऱ्यानं तिला झोळ्यातली फुटाण्याची पुडी दिली. झालं. इतक्या वर्षांचं घोडं गंगेत न्हायला एवढाच वेळ लागला.

चारपाच दिवसांनी टोचलेल्या जागी टच्च फोड आला, पोरीला थोडा ताप आला, चिडचिडी झाली. हे व्हायचंच असतं, माझ्या पोरांना झालं होतं. पण उतईहून डोक्यावर पाटी घेऊन येणारी आमची भाजीवाली ओट्यावर बसली होती, तिनं पोरीचा दंड आणि तापलेलं अंग पाहिलं आणि एकदम हात जोडले. "दाई ओ, नोनी ला माता आय हे!" म्हणजे पोरीला देवी आली म्हणाली. ताई म्हणाली, अगं माता नाही, लस आहे. तिला ते पटेना. फोड आला म्हणजे माता आली, मग ती स्वतः येवो की सरकार आणो. "साग ला झन बघारबे," म्हणजे भाजीला फोडणी देऊ नको म्हणाली. उठली, रस्त्याकडेच्या कडुलिंबाची डहाळी तोडली आणि फाटकात, दारात, खिडकीत खोचून, नमस्कार करून गेली. ताई हसली. मी म्हटलं, काढू का? तर म्हणाली, "राहू दे. म्हातारीनं मायेनं लावलं. वास बी चांगला येते." आमच्या घरात देव उरले नव्हते, पण दुसऱ्याची माया फेकून द्यावी असं दीक्षेत कुठं सांगितलं नव्हतं. फोडणी मात्र ताईनं खरंच दिली नाही. कारण विचारलं तर म्हणाली, ठसक्यानं पोरगी खोकलते.

आणि भाऊजी आले ते नेमके त्याच दुपारी.

मी समोर माझ्या ओट्यावर गहू निवडत होते. गल्लीच्या तोंडाशी ते दिसले, थर्मास छातीशी धरलेला, चेहऱ्यावर लढाई जिंकल्याचा रुबाब. मला लांबूनच म्हणाले, "आणली!" आणि मग त्यांची नजर फाटकावर गेली. कडुलिंबाची डहाळी ज्या दारावर असते त्या घरात देवी आहे, हे आमच्याकडं तान्ह्या पोरालाही कळतं. भाऊजींना जास्तच कळत होतं. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात, ते लहान असताना, त्यांच्या दारावर अशीच डहाळी लागली होती आणि धाकटी बहीण गेली होती. हे ते कधी बोलत नसत, सासूनं ताईला सांगितलेलं.

मी हातातलं सूप टाकून उठले, ओरडले, "भाऊजी, तसं नाही!" पण त्यांना ऐकू कुठं येत होतं. थर्मास हातातून सुटला, फाटकाच्या फरशीवर आपटला, आतली काच फुटल्याचा आवाज आला. भाऊजी दारापर्यंत गेले आणि उंबऱ्यापाशी गुडघ्यांवर बसले. रेल्वेची धूळ अंगावर तशीच, जोडे पायात तसेच. उंबऱ्याला कपाळ लावलं आणि मराठीच्या पुस्तकासारखं बोलणारा तो माणूस आपल्या आईच्या भाषेत म्हणायला लागला, "लहान हाय व माय ते लेकरू. मले ने. मले ने, तिले सोड."

ताई हातात डाव घेऊन बाहेर आली. आधी घाबरली, मग तिच्या लक्षात आलं. "अवो, कोणाले म्हणून राहिले? उठा. देवी नाई आली. लस टोचली तिले."

भाऊजींनी मान वर केली. "कोणी?"

"तुमी हाकललेल्या म्हाताऱ्यानं."

ताई, मी, दोघी वाट पाहतोय, आता रडतात की मारायला उठतात. आणि आमचे भाऊजी काय म्हणाले असतील? "टोचणी उकळली होती काय?"

"इचारलं नाई," ताई म्हणाली. "त्यानं पोरीचं नाव इचारलं, मी सांगतलं. एवढंच बोलणं झालं आमचं."

भाऊजी उठले आणि तडक आत गेले. पाय धुतले नाहीत, हात धुतले नाहीत. सुजाताला उचलून त्या धुळीच्या सदऱ्याशी असं घट्ट धरलं की ती कुरकुरायला लागली. मग तिचा दंड उजेडात धरून पाहिला. फोड पाहिला, भोवतीची लाली पाहिली, आणि चेहरा असा उजळला की सांगता सोय नाही. "टेक आहे! क्लासिकल टेक!" लस लागू झाली म्हणजे त्याला डॉक्टर लोक टेक म्हणतात. कोनाड्यातलं जाडं पुस्तक काढलं, त्यातलं चित्र ताईला दाखवलं, मला दाखवलं, फोड अगदी चित्रातल्यासारखा आला आहे म्हणाले. जसं काही त्यांनीच काढला होता. गल्लीला बोलावून दाखवायला ते ओट्यावर आले.

ओट्यासमोर फिटरची बायको उभी होती. थर्मासचा आवाज ऐकून आली असेल. मनोहर तिच्या खांद्यावर मान टाकून. फाटकातल्या पाण्यातून, काचांतून पाय सांभाळत ती म्हणाली, "आले काय डॉक्टरसाहेब? लई वाट पाहिली. आमच्या वाटची आणली नं?"

भाऊजींच्या हातातून पुस्तक मी घेतलं म्हणून पडलं नाही. त्यांनी पोराच्या कपाळाला हात लावला. या खेपेला हवेत नाही, खरोखर लावला. आणि पोराला तिच्या खांद्यावरून घेऊन ते जे पायी धावत सुटले ते टीकावाल्याला शोधत थेट झोपड्यांपर्यंत. तो सापडला, त्यानं टोचलंही. पण म्हातारा पोराचं अंग चाचपून मान हलवत म्हणाला म्हणे, "देर हो गई साहब." ताप त्या लशीच्या आधीचा होता.

मनोहर वाचला. ते दिवस मी सांगत बसत नाही. एवढंच सांगते की त्याचा बाप शिफ्टला जायचा, आई थकून बसल्या जागी झोपायची, आणि पोरापाशी भाऊजी बसलेले असायचे. कापसानं फोड टिपायचे, माश्या वारायचे, चमच्यानं पेज पाजायचे. नोकरीवर रजा टाकली होती. एक शब्द बोलत नव्हते, सायन्सचा तर नाहीच. खपल्या पडल्या तेव्हा पोराचे डोळे शाबूत होते, पण तोंडावर जागा उरली नव्हती. आणि फिटरची बायको, माझी भोळी माय, भाजीबाजारात, नळावर, जो भेटेल त्याला सांगायची, "डॉक्टरसाहेब होते म्हणून माहा पोट्टा वाचला." ती असं म्हणायला लागली की भाऊजी उठून बाहेर जायचे. लोकांना वाटायचं, किती विनय!

त्यानंतर भाऊजी काही संत झाले नाहीत. पेरू जांभळाच राहिला, लग्नातल्या बाह्या वर होतच राहिल्या. फक्त टीकावाला गल्लीत आला की ते त्याच्याशी वाद घालत नसत. त्याची पेटी स्वतः उचलायचे आणि घरोघरी पुढं चालायचे. तोंडानं मात्र चुकलो असं कधी ताईजवळही म्हणाले नाहीत. आम्हीही काढलं नाही. मनोहर मोठा झाला, कारखान्यात लागला, गुणी पोरगा. पण लग्नाला मुली पाहायला लागले तसा नकार यायला लागला. तोंड पाहून यायचा, दुसरं काही कारण नसायचं.

राजनांदगावला एक स्थळ होतं, मुलीचे वडील रेल्वेत गार्ड. तिथं फिटर, त्याची बायको, मनोहर, ताई, मी, आणि न बोलावता भाऊजी, असे गेलो. चहा आला. गार्डसाहेब सभ्य माणूस, पण मुलीचा बाप. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलंच, "तुम्ही भिलाईचे. तिथं तर घरोघरी देवीची लस होती. तुम्ही मुलाला कावून नाही टोचली? असे कसे निष्काळजी मायबाप?" फिटरनं मान खाली घातली. मनोहर कपाकडं पाहत राहिला. त्याच्या आईनं तोंड उघडलं, आणि मला कळलं की ती आता डॉक्टरसाहेबांनी कसं वाचवलं तेच सांगणार.

तेवढ्यात भाऊजी खुर्चीवरून उठले. शाळेत धडा म्हणायला उभं करतात तसे उभे राहिले. म्हणाले, "मायबापाची चूक नाही. टोचणारा दारात आला होता, मी त्याला परत पाठवलं. यांना थांबा म्हणून मी सांगितलं. पोराच्या तोंडावरचे वण माझे आहेत, साहेब. त्याचे नाहीत. ते पाहून नाकारायचं असेल तर मला नाकारा."

"तुम्ही डॉक्टर आहात ना?" गार्डसाहेब म्हणाले.

"नाही," भाऊजी म्हणाले. "दोन वर्षं शिकलो. पुढं सुटलं."

बाहेरून मालगाडी गेली, पुरी गेली. भाऊजी उभेच. मग फिटरच्या बायकोनं, तिचे केस आता भाऊजींपेक्षाही पांढरे झाले होते, हात लांब करून त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. "बसा जी," ती म्हणाली. "मले का मालूम नाई? बसा. चहा थंडा होऊन राहिला."

लग्न तिथंच जमलं. भाऊजी तो चहा प्याले की नाही ते मला सांगता येणार नाही. मी त्यांच्याकडं पाहू शकले नाही.